संडासाचा अर्ज

आमचं ऑफिस उज्जैनच्या टोकाला, नानाखेड्याला हललं तेव्हा सगळ्यांना पेढे वाटले होते. जुनी इमारत गावात होती, पावसाळ्यात गळायची, फायलींना बुरशी लागायची. नवी इमारत भाड्याची, तीन मजली, दर्शनी भागाला निळ्या काचा. देशात बाहेरच्या कंपन्या येऊ लागल्या होत्या, घरोघरी केबल लागली होती, चौकाचौकात एसटीडीचे बूथ उघडले होते. आपलं सरकारी खातं मागे दिसू नये असं कुणाला तरी वाटलं असणार. त्या इमारतीत आम्ही एकतीस माणसं बसत होतो आणि त्यात चौघी बायका. संडास दोन होते. एक साहेबांच्या खोलीला जोडून, गीझरसकट. दुसरा जिन्याखाली, बाकीच्या तीस जणांचा. त्याला आतून कडी नव्हती, आणि त्याच्या दारासमोरच पुरुषमंडळी विडी ओढायला उभी राहत.

जुन्या ऑफिसच्या मागे एक पेन्शनर जोडपं राहायचं, आम्ही त्यांच्याकडे जायचो. नानाखेड्याला तेव्हा आजूबाजूला नुसते प्लॉट पाडलेले, अर्धवट बांधलेली घरं आणि पलीकडे बसस्टँड. ओळखीचं कुणी नाही. मग आम्ही चौघींनी न ठरवता एकच उपाय केला. पाणी प्यायचं सोडलं. सकाळी नऊला घरून निघताना एक कप चहा, की संध्याकाळी साडेसहाला घरी आल्यावर तांब्याभर पाणी. उज्जैनच्या मे महिन्यातसुद्धा.

जूनमध्ये मी तापाने फणफणले. डॉक्टरीणबाईंनी लघवी तपासली, रिपोर्ट बघितला आणि विचारलं, "दिवसभरात किती पाणी पिता?" मी सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "शिकलेल्या आहात ना तुम्ही?" असं त्या मला म्हणाल्या. मला भयंकर लाज वाटली, पण लाज माझी मलाच का वाटावी हे कळायला मला आणखी चार महिने लागले.

बरी होऊन आल्यावर मी अर्ज लिहायला घेतला. महिला कर्मचाऱ्यांसाठी वेगळ्या शौचालयाची व्यवस्था करावी, एवढीच मागणी. तो टाइप होताना आमच्या बडे बाबूंनी, म्हणजे हेडक्लार्कनी, मागून वाचला. ते मोठ्याने हसले. "मॅडम, ये महिला मुक्ति का चक्कर यहाँ मत चलाओ. राम घाट पे हजारों औरतें खुले में नहाती हैं, उनको तो आज तक कुछ नहीं हुआ."

क्षिप्रेकाठी राम घाटावर न्हाणाऱ्या बायकांना काय होतं आणि काय नाही, हे बडे बाबूंना कुणी कधी सांगितलं असेल, देव जाणे. पण त्या दिवसापासून मी ऑफिसात 'महिला मुक्तिवाली' झाले. मी काय मागितलं होतं? दरवाजा आणि कडी.

अर्जावर चौघींच्या सह्या हव्यात म्हणून मी आधी ताईंकडे गेले. ताई आमच्यात सगळ्यात सीनियर, लेखा शाखेत. मराठीच. त्यांच्या सासरचे पूर्वज शिंद्यांच्या दप्तरात होते हे त्या नव्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत सांगत. त्यांनाही त्रास होताच, गुडघे दुखत असून त्या कधीकधी दुपारी रिक्षा करून घरी जाऊन येत. अर्ज त्यांनी दोनदा वाचला.

"बरोबर आहे गं सगळं. पण सही नाही करत मी."

"का हो ताई?"

"लोक म्हणतील, म्हातारपणी स्त्रीमुक्तीवाली झाली. मी समानता मानते, हे तुला माहीत आहे. मुलीला इंजिनियरिंगला घातलंय मी. पण ते मोर्चे, ते केस कापणं, ते नवऱ्यांना शिव्या देणं, आपल्यात नाही ते."

मी म्हटलं, "ताई, यात नवरा कुठे आला? संडास आहे."

"ते बघणाऱ्याला कळलं पाहिजे ना," ताई म्हणाल्या. "तू असं कर. खाली एक ओळ घाल, की आमचा या विचारसरणीशी संबंध नाही. मग करते सही."

आमची टाइपिस्ट माळव्यातलीच, तिचंही तेच म्हणणं. ताईंची सही असेल तर तिचीही असणार होती. चौथी होती ती बावीस-तेवीस वर्षांची मुलगी. नवरा ड्यूटीवर असताना गेला, त्याच्या जागी अनुकंपेवर लागलेली. ती एवढंच म्हणाली, "दीदी, जो सब करेंगे."

मी ती ओळ घातली. 'हम किसी भी नारीवादी विचारधारा के समर्थक नहीं हैं.' माझ्याच हाताने, मार्जिन सोडून, शुद्धलेखनाची चूक न करता. एका संडासासाठी चार प्रौढ बायकांनी आपण कोण नाही हे लिहून दिलं. पुरुषांनी पंख्यासाठी अर्ज केला होता तेव्हा त्यांना असं काही लिहावं लागलं नव्हतं.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो बँकेत होता, शांत स्वभावाचा, वाचणारा. तो म्हणाला, "चांगलं केलंस ओळ घातलीस ते. तो शब्द आता जुना झाला. जग पुढे गेलंय." मी विचारलं, कुठे पुढे गेलंय? तो म्हणाला, "हे बघ, मी तुला कधी कशाला अडवलंय का?" हे वाक्य मी लग्न झाल्यापासून ऐकत होते. त्याने मला कधीच अडवलं नव्हतं हे खरं आहे. त्यामुळे पोळ्या करायलाही त्याने मला कधी अडवलं नाही.

साहेबांनी मला खोलीत बोलावलं. साहेब मराठी, इंदूरहून आलेले. कपाटात पुस्तकं, बोलणं मृदू. मराठी मंडळात त्यांची व्याख्यानं होत. त्यांनी मला बसायला सांगितलं, चहा मागवला. मी चहा घेतला नाही. का घेतला नाही ते त्यांच्या लक्षात आलं नाही.

"अर्ज रास्त आहे," ते म्हणाले. "मी स्वतः समानतेचा पुरस्कर्ता आहे. आमच्याकडे सकाळचा चहा मीच करतो. तुम्ही ती शेवटची ओळ घातलीत हेही मला आवडलं. पण मग अर्जात इतक्यांदा 'महिला', 'महिला' कशाला? भेद आपणच का वाढवायचा? 'कर्मचारी' करा. सगळे त्यात येतात. वरून मंजुरीही लवकर मिळेल."

त्यांचं बोलणं इतकं गोड होतं की मला पटलं. मी बाहेर आले आणि अर्ज पुन्हा टाइप करवून घेतला. 'कर्मचारियों हेतु अतिरिक्त शौचालय.' ताई खूश झाल्या. म्हणाल्या, "बघ, नीट बोललं की कामं होतात."

काम खरंच झालं. दिवाळीआधी जिन्याखालच्या संडासाच्या शेजारी नवा उभा राहिला. पांढऱ्या टाइल्स, आतून कडी, आरसासुद्धा. बडे बाबूंनी नारळ फोडला. त्या दिवशी दुपारी मी पाण्याचे दोन ग्लास प्यायले आणि तासाभराने खाली गेले. दार बंद होतं. आतून खोकल्याचा आवाज आला. बाहेर दोघं उभे होते, एकाच्या हातात पेपर. जुन्या संडासाचं दार सताड उघडं, त्यात कुणी नव्हतं. नवा चांगला होता, म्हणून सव्वीस जणांना तोच हवा होता. मी जिन्यावरून परत फिरले. वर ताईंनी विचारलं, "गेली होतीस का? कसा आहे?" मी म्हटलं, "समान आहे."

साहेबांना जाऊन सांगितलं. ते जरा दुखावले. "आता तो सगळ्यांचा आहे ना? तुम्हाला कुणी जाऊ नका म्हटलंय का?"

नाही. कुणीच म्हटलं नव्हतं. मला कधीच कुणी अडवत नाही.

त्या संध्याकाळी बसमध्ये मी फार चिडले होते, साहेबांवर थोडी आणि स्वतःवर जास्त. 'महिला' हा शब्द मीच खोडला होता. कॉलेजात असल्यापासून कुणी विचारलं की मी म्हणत आले होते, मी काही स्त्रीवादी नाही, मी समानता मानते. ते म्हणणं सोपं होतं. त्याने कुणी रागावत नसे, उलट माना डोलावत. सगळ्यांना इतकं सहज मान्य होणारं काही मी मागत होते, याचाच मला संशय यायला हवा होता. समानतेला माना डोलावणाऱ्या सव्वीस जणांसाठी एक जास्तीचा संडास बांधून झाला होता, आणि त्याच्या अर्जावर सह्या आम्हा चौघींच्या होत्या.

दोन दिवसांनी रेकॉर्ड रूमच्या मांडण्या दुरुस्त करायला सुतार आला होता. मी त्याला खाली नेलं आणि नव्या दाराला बाहेरून कडी-कोयंडा ठोकून घेतला. घरच्या ट्रंकेचं कुलूप पर्समध्ये आणलेलंच होतं. आता दारावर काहीतरी लिहायला हवं होतं. आमचं खातं जमीनमोजणीचं, स्टोअरमध्ये सीमेचे दगड रंगवायचा लाल रंग पडलेला असे. तो घ्यायला गेले तर ती अनुकंपेवाली मुलगी आधीच डबा उघडून बसली होती. तिने सुताराचा आवाज ऐकला होता.

"दीदी, मेरी लिखावट अच्छी है," ती म्हणाली.

तिने दारावर 'महिला' लिहिलं. अक्षर खरंच सुंदर होतं. ह-वरची वेलांटी काढताना तिचा हात जराही हलला नाही. जे सगळे करतील ते मी करीन म्हणणारी हीच ती, असं माझ्या मनात आलं, आणि मी तिला मनातल्या मनात जे समजत आले होते त्याची मला शरम वाटली.

सोमवारी माझ्या टेबलावर मेमो. शासकीय कार्यालयाचं विद्रूपीकरण केल्याबद्दल तीन दिवसांत लेखी खुलासा द्या. बडे बाबू आता हसत नव्हते, काळजीत होते. ते वाईट नव्हते, फक्त आयुष्यात त्यांना कधी दरवाजा शोधावा लागला नव्हता. "लिख दो गलती से हो गया," ते म्हणाले. "बात खतम."

मी खुलासा लिहिला. हे काम मी एकटीने केलं, पूर्ण विचार करून केलं, असं लिहिलं. त्या मुलीचं नाव घेतलं नाही. शेवटी लिहिलं, की मागच्या अर्जात आपण नारीवादी नसल्याचं मी म्हटलं होतं, माझ्यापुरती ती माहिती चुकीची होती, ती दुरुस्त समजावी. धैर्य वगैरे काही नव्हतं, नोकरी जाईल अशी साधी भीती होती.

नोकरी गेली नाही. चौकशी लावायची तर फाइल भोपाळला जाणार, आणि फाइलच्या वरती विषय लिहावा लागणार. एवढ्या सुसंस्कृत साहेबांना तो विषय स्वतःच्या सहीने पाठवणं जमलं नाही. खुलासा दाखल करून घेतला गेला.

चौघींसाठी चाव्या मी फ्रीगंजच्या बाजारातून करवून घेतल्या. ताईंना द्यायला गेले तेव्हा त्या म्हणाल्या, "तू जरा जास्तच केलंस हं. असं आक्रस्ताळं वागून बायकांचं नाव खराब होतं." हे बोलताना त्यांचा हात पुढे होता. मी त्यावर चावी ठेवली. त्यांनी ती कंबरेच्या छल्ल्यात अडकवली आणि गुडघा धरत जिना उतरायला लागल्या.

पुढच्या वर्षी महिला दिनाला मराठी मंडळात साहेबांचं व्याख्यान होतं. नवरा मला घेऊन गेला. साहेबांनी आपल्या ऑफिसचा दाखला दिला. आपल्या कारकिर्दीत महिलांसाठी स्वतंत्र सोय झाली, असं सांगितलं. टाळ्या पडल्या. मग ते म्हणाले, "पण मी स्वतःला स्त्रीवादी म्हणवत नाही. मी मानवतावादी आहे. त्या शब्दात आक्रोश आहे, आणि आज आक्रोशाचं कारण उरलेलं नाही." आणखी टाळ्या पडल्या. माझ्या शेजारी नवराही टाळ्या वाजवत होता.

मी उभी राहिले. नवऱ्याने माझ्या पदराचं टोक धरलं. बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच त्याने मला अडवलं असेल.

"साहेब, तो मेमो कुणाच्या सहीचा होता?" मी विचारलं.

सभागृहात कुणाला काही कळलं नाही. साहेबांना कळलं. त्यांनी चष्मा पुसला. अध्यक्षांनी घाईघाईने सांगितलं की प्रश्नोत्तरं चहानंतर होतील, आणि चहानंतर ती झाली नाहीत.

चहाच्या वेळी माझ्याभोवती जरा मोकळी जागा राहिली. साबुदाण्याची खिचडी घेऊन मी एकटीच खांबापाशी उभी होते. तेवढ्यात एका शाळेत शिकवणारी बाई, तोंडओळखीची, जवळ आली. आजूबाजूला बघून हळू आवाजात म्हणाली, "आमच्याकडेही अकरा जणींना एकच आहे, आणि तोही मुलांच्या बाजूला. अर्ज कसा लिहायचा, सांगाल का?"

मी बशी खाली ठेवली, पर्समधून पेन काढलं आणि तिच्याच कार्यक्रमपत्रिकेच्या मागच्या बाजूला लिहायला सुरुवात केली. पहिल्याच ओळीत 'महिला' लिहिलं. ती वाचत होती.

"पण मी तशी त्यातली नाही हं," ती म्हणाली.

"असू दे," मी म्हटलं. "फक्त ते अर्जात लिहू नका."