हॉलमधली आत्या

आत्या तळोज्याला तिच्या ऑफिसमध्येच गेली. जेवणाचा डबा उघडला, छातीत दुखतंय म्हणाली, आणि दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. बाबांनी मला फोन केला तेव्हा मी खारघरला कॉलेजात होते. "ताई गेली," एवढंच ते म्हणाले. पुढचे काही दिवस पनवेलच्या आमच्या घरी माणसं येत राहिली आणि आईबाबा सगळ्यांना एकच वाक्य सांगत राहिले, "शेवटपर्यंत आमच्याकडेच होत्या हो." माणसं मान हलवायची, चहा घ्यायची. मी रिकामे कप उचलायचे.

आत्या बाबांची मोठी बहीण. नवऱ्याचं घर सोडून ती आमच्याकडे आली तेव्हा मी शाळेत होते. कुणी पाहुणे आले की आई ओळख करून द्यायची, "ताई सध्या आमच्याकडे असतात." हे सध्या सात वर्षं चाललं. आत्या हॉलमध्ये झोपायची. सकाळी सगळ्यांच्या आधी उठून गादी गुंडाळायची आणि सोफ्यामागे उभी करायची, म्हणजे दूधवाल्यालासुद्धा कळू नये की इथे कुणी झोपतं. एकदा मी म्हटलं, आत्याला माझ्या खोलीत झोपू दे. बाबा म्हणाले, "तुझ्या खोलीत दुसरा पलंग बसत नाही. मोजून पाहिलंय मी." बाबांनी मोजलं म्हटलं की आमच्याकडे विषय संपतो.

मग आत्याने स्वतःच्या पगारातून चार फुटांची माशांची टाकी आणली. हॉलची शोभा वाढेल म्हणून आईनेही हो म्हटलं. आत्याला सिक्लिड पाळायचे होते, आफ्रिकेतल्या तलावांमधले पिवळे आणि निळे, भांडखोर मासे. सगळी माहिती इंग्रजीत. तिला ते वाचायचा कंटाळा, म्हणून ती फोन माझ्याकडे सरकवायची, "वाच गं, मराठीत सांग." आमची मैत्री झाली ती अशी. या माशांना जड, क्षारांचं पाणी लागतं, शिंपल्यांनी ते तसं होतं, हे मी वाचून सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन मासळी बाजारात गेली आणि तिसऱ्या खाऊन उरलेले रिकामे शिंपले मागू लागली. कोळीण हसत सुटली. "लोकं तिसऱ्या नेतात न् शिंपल्या फेकतात, तू शिंपल्याच मागतेस! आनि मासं खायाचं नाय, तर पाळून काय करतेस बाय?"

"बघायचे," आत्या म्हणाली.

दगड तिने आपटा गावाच्या नदीकाठून वेचून आणले आणि घरी उकळायला ठेवले. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली, "ताई, आज दगडांची आमटी का?" पुढे बरेच दिवस टाकीत पाणी, दगड आणि पंपाचे बुडबुडे, बाकी काही नाही. आधी पाणी राहण्याजोगं व्हायला हवं, असं आत्याचं म्हणणं. रिकाम्या टाकीसमोर ती तासन् तास बसायची...

मासे आले, रुळले, प्रत्येकाने एकेक कपार धरली. काही महिन्यांनी ती आणखी दोन मासे घेऊन आली. पिशव्या पाण्यावर तरंगत ठेवल्या आणि बाही वर करून तिने आतली सगळी रचना मोडायला घेतली. मी विचारलं, "अगं, इतकं छान लावलेलं मोडतेस कशाला?"

"जुने आपापल्या दगडावर राज्य करतात. नवा आला की त्याला टोचून टोचून मारतात. म्हणून आधी सगळ्यांचीच घरं हलवायची. मग भांडतात, पण नव्यालाही एखादा कोपरा मिळतो."

टीव्हीसमोरून आई म्हणाली, "फक्त माझा सोफा हलवू नका हं, ताई." बाबा मोठ्याने हसले. आत्याही हसली. तिचा हात दंडापर्यंत पाण्यात होता आणि ती काचेतून आत बघत होती.

तेराव्यानंतर आई म्हणाली, हॉल मोकळा करू या, माणसांना बसायला जागा हवी. "टाकी तुझ्या खोलीत ठेव. तिथे भरपूर जागा आहे." मी बाबांकडे पाहिलं. ते पेपर वाचत होते.

दुकानातली दोन माणसं आली. मासे बादल्यांमध्ये काढले, लोखंडी स्टँड माझ्या भिंतीला लावला, टाकी चढवली, पाणी भरलं. दगड मी माझ्या मनाने लावले. पंप सुरू झाला. हॉलमध्ये रोज आत्याच्या उशाशी होणारा तो बारीक घरघर आवाज आता माझ्या खोलीत येऊ लागला. माणसं गेल्यावर मी सोफ्यामागून तिची गादी ओढत आणली आणि टाकीसमोर जमिनीवर उलगडली. पूर्ण उलगडली. दार उघडून पाहिलं, तेही कुठे अडलं नाही.

स्वयंपाकघरातून आईने विचारलं, "टाकी बसली का गं नीट?"

"बसली," मी म्हटलं. "अजून एक माणूस झोपेल एवढी जागा आहे."

हॉलमध्ये पेपरचं पान उलटल्याचा आवाज आला.