दाताआधी तोंड

दिंडोरीत माझ्या नातीचा दातांचा दवाखाना आहे आणि दाराजवळच्या बाकड्यावर मी बसतो. काम काही नाही. द्राक्षबाग पोरगा बघतो, त्याला माझे सल्ले नकोत. पण बसल्या जागी किस्से गोळा होतात, ओल्या वावरात बुटाला चिखल लागतो तसे. मधूनमधून ठोकून काढावे लागतात.

* * *

वैशाली आधी दातांची डॉक्टर नव्हती. तिनं मॉलिक्युलर बायोलॉजी केलं. मी चौथीत शाळा सोडलेला माणूस. विचारलं, "म्हणजे काय गं?"

"आजोबा, पेशीच्या आत काय चालतं ते शिकतो आम्ही."

"शेजारच्या घरात काय चालतं ते तुझ्या आजीला न शिकताच कळतं."

ती हसली. आजी हसली नाही.

* * *

मग पुण्यात लॅबला लागली. तोंडाच्या कॅन्सरचे तुकडे तिथं नळीत यायचे, वर फक्त नंबर. एकदा तिनं साहेबाला विचारलं, "सर, हा पेशंट आता कसा आहे?"

साहेब म्हणाला, "कोणता पेशंट?"

दिवाळीला घरी आली ती हेच सांगत. म्हणाली, "आजोबा, आमच्याकडे नळी येते तोवर उशीर झालेला असतो. हे सगळ्यात आधी दातांच्या डॉक्टरला दिसू शकतं." आणि डॉक्टरकीच्या प्रवेशाची परीक्षा देऊन मोकळी झाली.

मी भडकलो. "तुझ्या बरोबरीच्या पोरींची पोरं शाळेत जातात, आणि तू परत पहिलीत?"

"दुधाचे दात पडल्यावर दुसरे येतातच की."

माझे दुसरेही पडलेत.

* * *

दाढ दुखते म्हणून माणूस येतो, ही आधी गाल, जीभ, जिभेखालचं बघत बसते. ट्रॅक्टरवाला सोपान वैतागला. "ताई, दाढ हितं हाय. तुम्ही गावभर कुठं फिरताय?"

* * *

निवृत्ती माझा जुना दोस्त, शेजारचाच बागायतदार. तंबाखू धरायच्या जागी गालात पांढरा चट्टा. वैशाली म्हणाली, छोटा तुकडा काढून तपासायला पाठवू.

"नाय. तुकडा काढला की ते पसरतं."

"पसरत नाही, आबा. छाटणीआधी काडी कापून लॅबला पाठवताच ना तुम्ही? फुटायच्या डोळ्यात द्राक्षाचा घड आहे का बघायला?"

मला वाटलं, जिंकली पोरगी.

निवृत्ती म्हणाला, "काडीत घड नाय निघाला तर मी पुढच्या सालाची वाट बघतो. ह्यात वाईट निघालं तर कशाची बघू?"

तो उठून निघून गेला.

* * *

पुढच्या आठवड्यात मी त्याला शिव्या घालून परत आणला. पण खुर्चीत बसेना. मग वैशालीच खुर्चीत बसली. दिवा स्वतःच्या तोंडावर ओढला, छोटा आरसा त्याच्या हातात दिला. "आबा, आज तुम्ही बघा."

तिनं तोंड उघडलं. निवृत्ती वाकला. बराच वेळ बघत राहिला. गाल, जीभ, परत गाल.

"सगळ्यांचं आतून असं गुलाबी असतं?"

तोंड उघडंच ठेवून तिनं मान डोलावली.

निवृत्तीनं टोपी काढून माझ्या हातात दिली. म्हणाला, "ऊठ पोरी. मला बसू दे."