बुचाची खाच

दारूबंदीच्या मुलखात दारूची रिकामी बाटली जवळ बाळगू नये, एवढी अक्कल कुणालाही असते. पॉलिशमास्तरांनाही होती. पण त्यांचा जीव बाटलीत नव्हता, तिच्या बुचात होता. त्या बुचाला चाकूने बारीक खाच पाडली की बाटलीत भरलेलं स्पिरिट थेंबाथेंबाने गळतं, कापसाच्या बोळ्यावर हवं तेवढंच पडतं आणि लाकडावर पॉलिशचा हात एकसारखा बसतो. दुसऱ्या कुठल्या बाटलीचं बूच असं घट्ट बसतच नाही, हे त्यांचं ठाम मत. कारागिराची खोड, दुसरं काय!

नाक्यावर पोलिसांनी पिशवी तपासली तेव्हा नेमकी हीच बाटली हाती लागली. हवालदाराने वास घेतला, नाक मुरडलं आणि म्हणाला, "चला."

"साहेब, कपाटाच्या पॉलिशचं स्पिरिट आहे हो."

"सगळ्यांचं कपाटाचंच असतं."

झालं, दारू बाळगल्याचा खटला उभा राहिला. प्रयोगशाळेने अहवाल दिला की बाटलीत अल्कोहोल आहे. ते पिण्यासाठी की पुसण्यासाठी, हे बाटली थोडीच सांगणार?

मास्तरांचा वकील भला, पण घाईचा. म्हणाला, "गुन्हा कबूल करा. पहिलीच वेळ आहे, किरकोळ दंडावर सुटाल."

"दंडाचं नाही हो," मास्तर म्हणाले, "घरी काय सांगू?"

गोम तिथेच होती. मास्तर एके काळी प्यायचे, आणि घोटभर नव्हे, संसार धुऊन निघेपर्यंत. एकदा त्यांची चाहूल लागताच मुलगी पलंगाखाली जाऊन लपली. त्या दिवशी त्यांनी सोडली ती कायमची. पुढे बायकोने कधी टोमणा मारला नाही, कधी आडून विचारलं नाही. तिचा हा विश्वास म्हणजे मास्तरांची आयुष्यभराची कमाई. कोर्टात नुसतं 'हो, माझीच' म्हटलं असतं तरी ती मातीमोल झाली असती.

म्हणून मास्तर हटून बसले. तारखांवर तारखा पडल्या, कामं हातची गेली. शेवटी वकिलाने बायकोलाच साक्षीला उभं केलं.

सरकारी वकिलांनी विचारलं, "तुमचे पती पीत नाहीत, हे तुम्ही कशावरून सांगता? विश्वास आहे म्हणून?"

"नाही," ती म्हणाली. "रोज वास घेते म्हणून."

कोर्टात खसखस पिकली. ती मात्र शांतपणे सांगत राहिली, "संध्याकाळी आले की पिशवी घ्यायच्या निमित्ताने जवळ जाते. हातांना स्पिरिटचा वास असतो, तो निराळा. मी तोंडाचा बघते. सोडली म्हणाले तेव्हापासून एक दिवस चुकवलेला नाही. त्यांना हे माहीत नाही."

मास्तर मान खाली घालून बसले. दाराशी लगबगीने येऊन हातातली पिशवी घेणारी बायको! इतकी वर्षं ते त्याला माया समजत होते. त्यांना वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.

दंडाधिकाऱ्यांनी बूच मागवून घेतलं, खाच निरखून पाहिली, 'पिणारा थेंबाथेंबाने ओतत नाही' म्हणाले, आणि मास्तर निर्दोष सुटले. वकिलाने त्यांची पाठ थोपटली. "वहिनींनी तारलं तुम्हाला!"

दोघं घराकडे निघाली. मग मास्तर म्हणाले, "एकदा विचारायचं तरी होतंस मला."

"विचारलं असतं तर 'नाही' म्हणाला असतात. पीत होतात तेव्हाही 'नाही'च म्हणायचात."

हे खरंच होतं. चार पावलं गेल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "आज सकाळीसुद्धा वास घेतलास?"

"आज तर मुद्दाम घेतला," ती म्हणाली. "शपथेवर खोटं बोलायची वेळ नको यायला."