रिकाम्या प्रार्थनाघरातलं आमेन

आधीच सांगून टाकते, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. "ख्रिस्ती असून?" असं काहींना वाटेल. हो, ख्रिस्ती असूनच! देव मानते, पण कुणी आवाज ऐकला म्हणालं की मी आधी विचारते, नीट जेवलात ना? तुम्हीही मला तेच विचारा... चालेल.

मेडशीपासून थोडं आत आमचं खेडं. आता वाशिम जिल्हा, तेव्हा अकोला. बहात्तरचा दुष्काळ संपून दोन-तीन वर्षं झाली असतील. नवरा गेलेला, मूलबाळ नाही, मी बालवाडी चालवायचे. गावाबाहेर पत्र्याची एक खोली, तेच आमचं प्रार्थनाघर. दुष्काळात तिथे मिशनवाले दुधाची पावडर वाटायचे, तेव्हा बसायला जागा नसे. पावडर बंद झाली, माणसंही आटली. प्रार्थना चालवणाऱ्या पाळकसाहेबांची बदली झाली. उरले मी. "दुधासाठी आले अन् दुधासोबत गेले," असं म्हणत लोकांना नावं ठेवायचा मला भारी सोस.

एका रविवारी सकाळी माझा मोठा भाऊ शेलूबाजारहून मला कायमचं न्यायलाच आला. तो काही ख्रिस्ती झाला नव्हता.

"शांते, चाल माह्यासंग. इथं कोनासाठी राहून राह्यली?"

"देवासाठी, दादा."

"मंग देव शेलूबाजारले येत नाही काय? एस्टी आहे ना!"

हसले, पण ते लागलं. "प्रार्थना करून येते, मग सांगते," म्हणून प्रार्थनाघरात गेले. तो बाहेर दारासमोरच्या लिंबाखाली बिडी ओढत बसला.

आमच्यात एकाने प्रार्थना करायची आणि शेवटी बाकीच्यांनी आमेन म्हणायचं. एकटी असले तरी ती सवय सुटत नव्हती. मी बोलून थांबायचे, आणि आमेन म्हणायचं राहूनच जायचं.

त्या दिवशी मोठ्याने म्हणाले, "प्रभू, मी तुझ्यासाठी येतच नाही रे. नवरा गेल्यावर ह्या खोलीत कुणीतरी मला 'शांताबाई, बसा' म्हणालं होतं. तेवढ्यासाठी येते. ते दुधासाठी आले, मी माणसांसाठी. आता माणसंही नाहीत... मी काय करू?" खूप रडू आलं. थांबले.

आणि मागून आमेन आलं. एकाचं नाही — भरल्या खोलीचं. बायका, म्हातारे, कुणी जरा आधी, कुणी जरा मागून, खरंच म्हणतात तसं.

वळून पाहिलं. सतरंजी गुंडाळलेलीच होती. कोणी नव्हतं.

बाहेर आले तर दादा उभा. "आतमधी एवढे लोकं होते तं मले सांगाचं ना! मी तं तुले एकटी समजून न्याले आलतो."

"कोणी नव्हतं, दादा."

त्याने आत डोकावून पाहिलं. खोलीला दार एकच, आणि त्या दारासमोर तोच बसलेला. पुढच्या गाडीने तो एकटा परत गेला.

पत्र्यावरून आवाज फिरला म्हणावं, तर आमेन मी म्हटलंच नव्हतं. मनाचे खेळ म्हणावेत, तर दादाने कसं ऐकलं?

मी तिथेच राहिले. अजूनही दर रविवारी प्रार्थना संपली की थांबते. परत कधीच काही ऐकू आलं नाही. पूर्वी निदान माहीत तरी होतं की मी माणसांसाठी जाते... आता देवासाठी जाते, की ते आमेन पुन्हा एकदा ऐकायला, हे माझं मलाच सांगता येत नाही.