पाहुण्यांच्या पायांचे पाणी

चैत्रातला रविवार, १९४५. हजर: खर्ड्याहून मुलगी पाहायला आलेला मुलगा आणि त्याचे वडील, आमचे शेजारी, वहिनी, त्यांची लेक, आणि मध्यस्थ म्हणून मी.

मिरजगावात उन्हाळ्यात आडाचे पाणी तळाला जाते, तरी शेजाऱ्यांचे परसू हिरवे असते. त्यांच्या घरी न्हाणीत कोणी आंघोळ करत नाही. आंघोळीचा दगड आज लिंबाखाली, उद्या डाळिंबाखाली. बोलताना त्यांचे लक्ष माणसाकडे नसते, त्याच्या हातातल्या तांब्याकडे असते. मी आदल्या दिवशीच बजावले होते, "उद्या तरी पाहुण्यांना पायरीवर पाणी द्या."

"व्हय, व्हय," ते म्हणाले.

पाहुणे गाडीतून उतरताच त्यांना घेऊन शेजारी थेट परसात. मुलाचे वडील एक पाय धुऊन दुसरा उचलतात, तोच हे म्हणाले, "पावनं, जरा सरका. लिंबाला झालं, आता कढीपत्त्याला येऊ द्या."

"आवं, सोयरीक जमवायला आल्यात ती, बाग भिजवायला न्हाई!" वहिनी दारातून ओरडल्या. लेकीने डोळे मिटून घेतले.

पाहुण्यांनी तांब्या खाली ठेवला, पोहे खाल्ले आणि "कळवतो" म्हणून गेले.

लेकीला मुलगा पसंत आहे. निरोप मात्र नाही. शेजारी रोज सकाळी कुंपणाशी येतात आणि झाडांकडे न बघता विचारतात, "तुमीच जाऊन इचारता का?"

मी हो म्हणतो. गाडीही सांगून ठेवली आहे. खर्ड्याला जायचे अजून राहिलेच आहे.