फोटोवरचं पाखरू आणि माझं हळदकुंकू

आता हसणार नसाल तर सांगते. हसणारच तुम्ही, पण निदान तो चहा घशाखाली उतरू द्या, नाहीतर ठसका लागेल!

आमचं घर काशीमीऱ्याला. पुढे हायवे, मागे सरळ जंगलाचा डोंगर. माझी नणंद, शालूवन्सं, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या. त्या डोंगरात त्यांना एक नखाएवढा, डोक्यावरचे खवले झडलेला पतंग सापडला होता आणि त्याचं नाव कुठल्याच पुस्तकात जुळेना. त्यावर त्यांची पीएच.डी. अडकलेली! तीन वर्षं ऐनाच्या झाडाच्या पाल्यावर त्याच्या अळ्या वाढवतायत आणि अळ्या मरतायत. यंदा एकीने कोष केला. एकच! तो बरणीत, तोंडाला फडकं बांधून, आमच्या फळीवर.

"वहिनी, यातून जो निघेल त्याच्या डोक्यावरचे खवले बघितले की नाव ठरलं. जिवापाड सांभाळा हं!" असं बजावून वन्सं कॉलेजला गेल्या.

तो दिवस नेमका अविधवा नवमीचा. सासूबाई सवाष्ण गेल्या, म्हणून त्यांचं पान. कावळ्याला घास ठेवला, तर कावळा शिवेना. एक वाजला, दोन वाजले. आभाळ भरून आलं, भर दुपारी घरात अंधार. समोरच्या आंब्यावर कावळे ओळीने बसून माझ्याकडे बघतायत, पण एकाचा आवाज नाही! हायवेवरचे ट्रकसुद्धा कुठे गेले कोण जाणे. ट्रान्झिस्टर चालू होता, तोही मधेच गप्प झाला.

आत वळले, तर काय! सासूबाईंच्या फोटोवर, बरोबर कपाळावर, एक राखाडी पाखरू. पंखांवर दोन काळे ठिपके, माझ्यावर रोखलेले. आमटी खारट झाली की सासूबाई अश्शाच बघायच्या!

मी हात जोडले. "सासूबाई, चुकलं का हो काही?"

पंख हलले.

"ते तुमचं हिरवं लुगडं... हरवलं नव्हतं. बोहारणीला मीच दिलं. पातेलं घेतलं त्यावर."

आणि बाहेर कावळ्याने घासावर झडप घातली!

सर्रकन काटा आला अंगावर. साक्षात सवाष्ण घरी आलेली, तिला रिकाम्या कपाळाने कसं पाठवायचं? बोटावर हळद घेतली, कुंकू घेतलं, टेकवलं पाखराच्या डोक्यावर. पाखरू हललंसुद्धा नाही. मी पदर पसरून नमस्कार केला.

संध्याकाळी वन्सं आल्या त्या किंचाळल्याच, "वहिनी! बरणी उघडी?"

"खिरीला नारळाचा रस गाळायचा होता. दुसरं फडकं सापडेना..."

तेवढ्यात त्यांचं लक्ष फोटोकडे गेलं. "अगं बाई, लाल-पिवळं डोकं! वहिनी, ही तर नवीनच जात! जगात कुणी पाहिली नसेल!" चक्क नाचायला लागल्या हो!

"वन्सं, नाचू नका. ते मी लावलंय."

"काय लावलंय?"

"हळदकुंकू. तुमच्या आई आल्या होत्या ना!"

वन्संनी भिंग काढलं. ब्रशने कुंकू झटकलं, तर खाली चकचकीत टक्कल! खवले सगळे माझ्या बोटाला. मग त्यांनी पतंग उलटा करून पोट बघितलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "वहिनी, हा नर आहे."

आधी रडल्या. मग हसत सुटल्या. मला मात्र दोन्ही जमेना.

तो पतंग आजही त्यांच्या कॉलेजात टाचणीला लावलेला आहे. खाली वन्संच्या सुवाच्य अक्षरात चिठ्ठी: 'ठिकाण काशीमीरा. अन्न ऐनाचा पाला. नर. डोक्यावर खवले नाहीत. नाव ठरवता आलं नाही. कारण: वहिनी.'