पाचदा मेलेली सोलांज

आन्तेल्म रूशी हा आमच्या ओरियाक गावचा कादंबरीकार. त्याच्या पहिल्या पाचही कादंबऱ्यांत नायकाची बायको मरते; कधी क्षयानं, कधी बाळंतपणात. गावोगावच्या बायका ही त्याचीच कहाणी समजून या बिचाऱ्या विधुराला रडून पत्रं लिहायच्या आणि हाही काळा कोट घालून मिरवायचा. खरी बायको सोलांज त्याच्या ऐतखाऊपणाला विटून केव्हाच निघून गेली होती आणि शेजारच्या गावात चीज विकत होती.

माझ्या पुस्तकांच्या दुकानात तो पाचव्या कादंबरीवर सह्या देत बसला होता, तेव्हा ती रांगेत येऊन उभी राहिली.

"कुणाच्या नावानं लिहू, मॅडम?" त्यानं मान वर न करताच विचारलं.

"सोलांजच्या. यंदा कशानं मारलंस रे मला?"

रांगेतल्या बायका चपापल्या, मग खो खो हसत सुटल्या. त्या बेशरमानं मात्र सही ठोकली आणि म्हणाला, "न्यूमोनियानं. फार सुंदर मेलीस."

त्यानंतरची त्याची सहावी कादंबरी माझ्याकडे न खपता गठ्ठ्यानं पडून आहे.